एकशे चाळीस गुण की रोजचे बारा प्रश्न? आठवीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली बरीच घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, असे कोयते मुकादमाच्या टोळीत बांधले जातात आणि ऊसतोडीसाठी ट्रक-ट्रॅक्टर भरून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. मुलांचं शाळेचं वर्ष त्यामुळे मधोमध चिरलं जातं.

मी या शाळेत आठवीला शिकवतो. प्रकरण आहे त्या वर्गातल्या एका मुलीचं. तिला इथे कोमल म्हणतो. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. घरी आई-वडील, आजी आणि चार वर्षांचा भाऊ. कोमल वाचायची छान, अक्षर नेटकं, गणितात बरी. वर्गात स्वतःहून हात वर करणाऱ्यांतली मात्र नव्हती.

आठवीत आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते एनएमएमएसवर, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेवर. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. मुलीला दहावीनंतर शिकवायचं की नाही हा प्रश्न ज्या घरात दर वर्षी नव्याने निघतो, तिथे या रकमेला फार वजन असतं. परीक्षा डिसेंबरात, पेपर दोन. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे ९०. शालेय पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पात्र व्हायला किमान ४० टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्यात सवलत आहे. पण पात्र होणं म्हणजे शिष्यवृत्ती मिळणं नव्हे. जिल्ह्याचा कोटा आणि प्रवर्ग यांनुसार गुणवत्ता यादी लागते आणि शेवटी इतरांना किती पडले यावर सगळं ठरतं. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे.

अडचण

जूनमध्ये वर्गात एक उपक्रम झाला. प्रत्येकाने रंगीत कागदावर आपलं उद्दिष्ट लिहायचं आणि भिंतीवर लावायचं. बहुतेक शाळांत हा होतो आणि भिंत छान दिसते. मुलांनी लिहिलं, पोलीस होणार, कलेक्टर होणार, आर्मीत जाणार. कोमलने लिहिलं, ‘एनएमएमएसला १८० पैकी १४० गुण मिळवणार.’ सगळ्यांत नेमकं उद्दिष्ट तिचंच होतं, म्हणून वर्गाने टाळ्या वाजवल्या. हा आकडा कुठून आला हे पुढे कळलं. आदल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता, त्याखाली तो आकडा होता.

ऑगस्टमध्ये पहिली सराव चाचणी घेतली. कोमलला ६१ पडले. बौद्धिकचे २४, शालेयचे ३७.

त्यानंतर ती जादा तासाला येईनाशी झाली. कधी डोकं दुखायचं, कधी पाणी भरायचं असायचं, कधी भाऊ रडत असायचा. भिंतीवरचा तिचा कागदही एके दिवशी दिसेना. विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, बुद्धिमत्तेला माझं डोकंच नाय चालत.” तेरा वर्षांच्या मुलीने एका चाचणीवरून स्वतःबद्दल काढलेला हा निष्कर्ष मला त्या ६१ गुणांपेक्षा जास्त काळजीचा वाटला.

दुसरी अडचण घरची. पोळ्याच्या आधीच वडिलांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली होती. उचल घेतली की जाणं पक्कं. आई दिवसभर उसाच्या फडात मोळ्या बांधणार, मग चार वर्षांच्या पोराकडे कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, कोण बघणार? कोमलला सोबत न्यायचं, असं घरात जवळपास ठरलंच होतं. परीक्षा डिसेंबरात आणि टोळी निघणार दिवाळी झाल्या झाल्या.

समोर असलेले पर्याय

शाळेत आम्ही तिघं-चौघं बसून यावर बोललो. सूचना वेगवेगळ्या आल्या आणि प्रत्येकीत काही ना काही तथ्य होतं.

एक म्हणजे उद्दिष्ट खाली आणायचं, १४० ऐवजी पात्रतेपुरते ७२. आकडा आवाक्यातला होता. पण तिने ते ‘सरांना वाटतं मला एवढंच जमेल’ असं ऐकलं असतं. शिवाय हाही आकडाच, म्हणजे पुढच्या चाचणीत ६५ पडले की पुन्हा तेच.

दुसरी सूचना बक्षिसाची. गावातल्या तरुण मंडळाने पहिल्या येणाऱ्याला रोख बक्षीस द्यायची तयारी दाखवली होती. पुढे असलेली मुलं त्याने आणखी धावतात हे खरं. कोमलसारखी, आपण त्या शर्यतीतच नाही असं मानून बसलेली मुलं मात्र बक्षीस जाहीर झाल्यावर आणखी मागे सरकतात. आम्ही मंडळाला त्याच पैशांतून वर्गासाठी सराव प्रश्नसंच घ्यायला सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून ऐकलं.

तिसरी, परीक्षेचा नाद सोडायचा. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की मुलगी गावात राहिली आणि शाळेत आली हेच पुष्कळ, त्यावर परीक्षेचं ओझं कशाला. मी यावर बराच विचार केला. पण परीक्षा हवी असं तिने स्वतः लिहिलं होतं. आकडा उसना असला तरी इच्छा तिची होती, आणि ती काढून घेण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

चौथा पर्याय आम्ही निवडला. गुण बाजूला ठेवायचे आणि तिच्या हातात असलेल्या कामाचं उद्दिष्ट ठरवायचं. यामागे थोडा अभ्यासही होता. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणितात मागे पडलेल्या ७ ते १० वर्षांच्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं सात तासिकांत सोडवायची होती. काही मुलांना सुचवलं, ‘दर तासिकेला सहा पानं करा.’ काहींना सुचवलं, ‘शेवटच्या तासिकेपर्यंत ४२ पानं करा.’ काम तेवढंच, पानंही तीच. पण सहा-सहा पानांचं उद्दिष्ट घेतलेली मुलं वजाबाकी नीट शिकली, आपल्याला जमतं असं त्यांना वाटू लागलं आणि पुढे त्यांनी स्वतःहूनही गणितं सोडवली. लांबच्या उद्दिष्टाचा तसा काही फायदा दिसला नाही. कोमलचे १४० गुण हे त्या ४२ पानांहूनही लांबचे होते, कारण पानं निदान मुलाच्या हातात असतात.

काय केलं

पहिलं बोलणं मधल्या सुट्टीत, वऱ्हांड्यात झालं. एका कागदाचे दोन भाग केले. एकीकडे ‘माझ्या हातात’, दुसरीकडे ‘माझ्या हातात नाही’. तिनेच भरायचं. पेपर किती अवघड निघेल, इतरांना किती पडतील, यादी कुठे थांबेल, आई-वडील कधी निघतील हे सगळं उजवीकडे गेलं. डावीकडे बराच वेळ काहीच नव्हतं. मग तिने लिहिलं, ‘रोज किती गणितं करायची ते.’

किती, हेही मी सांगितलं नाही. ती म्हणाली, पन्नास. एक दिवस करून बघ म्हटलं. दुसऱ्या दिवशी वीस झाली होती आणि त्यातली शेवटची आठ नुसती उत्तरं ठोकून दिलेली. मग तिनेच बारा ठरवले. एका दिवशी एकाच प्रकारचे बारा प्रश्न. सोमवारी संख्यामालिका, मंगळवारी सांकेतिक भाषा, बुधवारी वेन आकृत्या, असं. या ठिकाणी मोठ्या माणसाची जीभ शिवशिवते. बारा कमी आहेत, पंधरा कर, असं सांगावंसं फार वाटतं. पण तो आकडा तिचा राहिला म्हणूनच पुढे टिकला, असं माझं ठाम मत आहे.

जोडीला चुकांची वही. चुकलेला प्रश्न उतरवायचा नाही, फक्त चुकण्याचं कारण एका ओळीत लिहायचं. पहिल्या आठवड्यातली तिची पानं माझ्याकडे आहेत. ‘घाई केली.’ ‘प्रश्न अर्धाच वाचला, कोणता येणार नाही असं होतं.’ ‘आरशाचं कळतच नाही.’ हे तिसरं वाक्य सलग चार दिवस आलेलं आहे.

आरशातल्या प्रतिमेच्या प्रश्नांवर मग एक दिवस वेगळं बसलो. कागदावर ठळक आकृती काढली, कागद पालटला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. मागून दिसणारी आकृती म्हणजेच आरशातली प्रतिमा. कोमलने कागद हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, मग प्रश्नसंचातलं ते पानच उचलून उजेडात धरलं आणि पर्यायांशी ताडून पाहिलं. त्या दिवशी बारापैकी अकरा बरोबर आले. चुकांच्या वहीत तिने लिहिलं, ‘आरशाचं कळलं. एक घाईत.’ डोकं चालत नाही हे वाक्य मी त्यानंतर तिच्या तोंडून ऐकलं नाही. समजावून सांगून ते गेलं नसतं. ते गेलं तिच्याच हाताने बरोबर आलेल्या अकरा उत्तरांमुळे.

तिसरी गोष्ट, अडथळ्यांची तयारी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात ‘असं झालं तर मी तसं करीन’ या धाटणीच्या संकल्पांवर काम केलं. अडचण कोणती येईल आणि तेव्हा नेमकं काय करायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर काम तडीस जाण्याची शक्यता वाढते. आमच्या गावात अडचणी शोधायला लांब जावं लागत नाही. कोमलने लिहिलेल्या तीन ओळी अशा होत्या : लाइट गेली तर पाढे आणि वर्गसंख्या तोंडी म्हणीन. भाऊ त्रास देत असेल तर त्याला पाटी-खडू देऊन शेजारी बसवीन. एक दिवस बुडला तर दुसऱ्या दिवशी चोवीस करणार नाही, बाराच करीन. तिसरी ओळ मी सुचवली होती. बुडालेल्या दिवसाची भरपाई करायला गेलं की मुलं दोन दिवसांत पार थकतात आणि तिसऱ्या दिवशी वहीच उघडत नाहीत.

ऑक्टोबरच्या सराव चाचणीत तिला ८४ पडले.

दिवाळीनंतरचा पेच

गावात शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालतं. आई-वडील ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलांना तिथे सकाळ-संध्याकाळ जेवण मिळतं. झोपायला मुलं आपापल्या आजी-आजोबांकडे जातात. कोमलची आजी गावातच होती, म्हणजे सोय होती. प्रश्न भावाचा होता.

घरी जाऊन बोललो. वडील फारसं बोलले नाहीत. आईचं म्हणणं सरळ होतं : पोराला आजीजवळ ठेवायचा तर तिला दिसत नाही, सोबत न्यायचा तर बघायला कोणी नाही. आजी म्हणाली, “सर, मपल्या डोळ्याला दिसत न्हाई. रातचं मी हिच्याच जिवावर हाय.” त्या घरात कोणी शिक्षणाच्या विरोधात नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं’ हे आपल्या अहवालांतलं नेहमीचं वाक्य इथे खोटं ठरलं असतं. त्यांना महत्त्व पटलेलंच होतं. त्यांच्याकडे माणूस कमी होतं.

आम्ही गावातल्या अंगणवाडीचा पर्याय पुढे ठेवला. दिवसा भाऊ अंगणवाडीत, दुपारनंतर कोमलजवळ. आईचं मन चार वर्षांच्या पोराला सहा महिने सोडून राहायला तयार होईना आणि त्यावर आम्ही जोर दिला नाही. शेवटी घरानेच तोडगा काढला. कोमल सुरुवातीला सोबत जाईल. त्याच पट्ट्यात दुसऱ्या टोळीत असलेली मावशी आपल्या सासूला कोपीवर आणणार होती. ती म्हातारी आली की दोन्ही घरच्या पोरांकडे ती बघेल आणि कोमलला मामा गावी आणून सोडेल.

म्हणजे परीक्षा महिन्यावर आलेली असताना मुलगी उसाच्या फडाजवळ असणार होती. इथे उद्दिष्टाचं काय करायचं? सरळ मार्ग होता थांबवायचं, परत आल्यावर पुन्हा सुरू करायचं. दुसरा, बारा तसेच ठेवायचे आणि होईल तितके होऊ द्यायचे. कोमलशी बोललो तेव्हा तिने तिसरंच काढलं. “चार करते सर. पहाटं आई-बाबा फडात गेल्यावर, तो उठायच्या आत.” चारच का, हेही तिच्याकडे तयार होतं. तो लवकर उठला तरी चार तर होतील.

उद्दिष्ट सोडणं आणि उद्दिष्ट परिस्थितीला बेतून घेणं यांतला फरक पुष्कळ मोठ्यांनाही करता येत नाही. सुरू ठेवायचं म्हणजे पूर्ण सुरू, नाहीतर बंद, अशीच आपली सवय. कोमल परत आली तेव्हा वहीत मधले काही दिवस कोरे होते आणि बाकीच्या दिवसांना चार-चार प्रश्न होते. काही पानांवर चुलीचा काळा हात उमटला होता. चुकांच्या रकान्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘भाऊ उठला.’

परत आल्यावर लगेच बारावर जायचं नाही असं ठरलं. आठवडाभर आठ, मग बारा. शेवटच्या दिवसांत वेळ लावून पूर्ण पेपर आणि उत्तरपत्रिकेतली वर्तुळं रंगवण्याचा सराव. हा शेवटचा सराव फालतू वाटतो, पण पहिल्यांदा अशी परीक्षा देणारी मुलं एक प्रश्न सोडून पुढे जातात आणि पुढची सगळी वर्तुळं एका घराने सरकवून ठेवतात.

निकाल

कोमलला ९७ गुण पडले. बौद्धिकचे ५२, शालेयचे ४५. ती पात्र ठरली. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

ती रडली, आणि ते साहजिक होतं. आम्ही ‘पात्र झालीस हेच मोठं’ असं म्हणून तिची समजूत घालायला गेलो नाही, कारण तिच्या घरासाठी ४८,००० रुपये ही खरी गोष्ट होती आणि ती हुकली होती. काही दिवसांनी ती स्वतःहून गुण घेऊन आली. बौद्धिकचे २४ वरून ५२ झाले, शालेयचे ३७ वरून ४५ च, असं का, याचा विचार तिने करून ठेवला होता. “समाजशास्त्राला मी वारच ठेवला नव्हता सर. सगळे वार बुद्धिमत्तेला अन् गणिताला.” वेळापत्रक काढून बघितलं. खरंच, ३५ गुणांच्या विषयाला आठवड्यात एकही दिवस नव्हता. ऑगस्टमध्ये कमी गुणांचं कारण तिला स्वतःचं डोकं वाटलं होतं. आता तिने ते वेळापत्रकात शोधलं होतं. माझ्या दृष्टीने या प्रकरणात मिळालेली सगळ्यांत मोलाची गोष्ट ती.

आता ती तालुक्याच्या गावी नववीत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास असल्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च नाही. रोजच्या प्रश्नांची वही चालू आहे, असं तिची आजी सांगते. रोज किती करते ते मी विचारलेलं नाही.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पालकांशी बोलणं जूनमध्येच व्हायला हवं. उचल एकदा घेतली की घराच्या हातात फारसं काही उरत नाही. मुलगी मागे राहणार असेल तर लहान भावंडाची सोय काय, हा प्रश्न उचलीच्या आधी निघाला तर मावशीच्या सासूसारखा तोडगा दिवाळीपूर्वीच निघू शकतो. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. अर्ज भरायच्या वेळी वडील गावात असतीलच असं नाही, म्हणून आता आठवीच्या सगळ्यांचे दाखले पावसाळ्यातच काढून घेतो.

भिंतीवर उद्दिष्टं लावायची की नाही यावर शाळेत अजून मतभेद आहेत. माझं मत लावू नयेत असं आहे. सगळ्यांसमोर लिहिलेला आकडा हुकला की मूल काम सुधारायच्या आधी कागद लपवतं. सहकारी म्हणतात की काही मुलांना त्यानेच हुरूप येतो, आणि त्यांनी तशी मुलं दाखवलीही आहेत. सध्या ज्याला लावायचं त्याने लावावं असं चाललं आहे.

वेळापत्रक मुलानेच करावं हे बरोबर, पण कोणत्या भागाला किती गुण आहेत याचा तक्ता त्याच्यासमोर असायला हवा. निवड मुलाची आणि माहिती शिक्षकाची, अशी वाटणी केली तर समाजशास्त्र सुटत नाही. यंदाच्या वर्गाने तक्ता वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवला आहे.

एका प्रश्नावर मात्र आमच्याकडे अजून उत्तर नाही. कोमलच्या मागे आजी होती. यंदाच्या आठवीत दोन मुलगे असे आहेत की आई-वडील गेल्यावर गावात त्यांचं कोणीच उरत नाही, आणि आमच्या वसतिगृहात रात्रीचा मुक्काम नाही. दोघांनीही रोजचे दहा प्रश्न ठरवले आहेत. त्यांतल्या एकाच्या चुलत्याने त्याला ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे. दुसऱ्यासाठी व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विषय घेतला आहे.